कॅपो त्याने लावावा, गळा तू का आवळायचा?

पत्र (थोडं कापून घेतलंय): "मावशी, मी ३१ वर्षांची, ऐरोलीत राहते, दिवसा आयटीत आणि शनिवारी रात्री बँडमध्ये. बाकीचे तिघं मुलगे. कॅफेत कव्हर्स करतो, पण आमची म्हणून जी पाच मराठी गाणी ऑनलाइन टाकलीत त्यातल्या चारांचे शब्द आणि चाल माझी आहे. तिथे गीत-संगीत म्हणून बँडचं नाव. मी बोलले तर गिटारवाला म्हणतो आपण फॅमिली आहोत, लतादीदींनी पण आनंदघन नावाने चाली दिल्याच की. गाणी त्याच्याच पट्टीत, मी खाली पुटपुटते नाहीतर वर किंचाळते, रेकॉर्डिंग ऐकलं की वाटतं हा माझा आवाजच नाहीये. विशारद झालेय पण स्वतःची गाणी करणारी एकही बाई ओळखीची नाही. सासूबाई म्हणतात आमच्या भजनी मंडळात ये. तेवढंच बाकी आहे आता! बँड सोडू का? — काळी चार, ऐरोली"

अगं काळी चार,

आवाज हरवला वगैरे नंतर बघू, आधी पट्टीचं बोलू कारण ते एका शनिवारात निस्तरण्यासारखं आहे. पट्टी म्हणजे पेटीवरचा जो सूर सा धरून गायचं तो, काळी चार म्हणजे सप्तकातली चौथी काळी; पुरुष गाणार काळी एक, काळी दोनच्या आसपास आणि आपण बायका काळी चार, काळी पाच, म्हणजे मध्ये चांगलं चार-पाच स्वरांचं अंतर, हे तुला मी सांगायला नको, विशारद तू आहेस. मग त्याच्या पट्टीत बांधलेल्या गाण्यात तू मंद्रात पुटपुटणार आणि तारात किंचाळणारच ना, यात तुझ्या गळ्याचा काय दोष? आणि तो म्हणत असेल की काळी चारमध्ये ओपन कॉर्ड्स (काही तारा मोकळ्या ठेवून वाजवायचे सोपे) मिळत नाहीत, तर काळी चार म्हणजे जी शार्प, पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी वर नेणारा तो चिमटा, लावायचा आणि जीचे शेप वाजवायचे, झालं. कीबोर्डवाल्याला तर ट्रान्सपोजचं बटण आहे. हे त्यांना माहीत नसेल असं मला अजिबात वाटत नाही, कुणी मागितलंच नाही म्हणून केलं नाही एवढंच.

त्याआधी घरी एक कर. तानपुऱ्याचं ॲप काळी चारला लाव, पंखा बंद, कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्यावर, आणि तुझी चारही गाणी नुसती फोनवर रेकॉर्ड कर, गिटार नाही काही नाही. लगेच ऐकू नकोस. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना ऐक. एखाद्या गाण्याला काळी पाच लागेल, एखादं काळी तीनला जास्त गोड वाटेल, ते ठरवून मगच प्रॅक्टिसला जा.

आता नावाचं. फॅमिली म्हणतोय ना तो, अगं फॅमिलीतच तर सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागलं ते बघायचं असतं, आणि बहिणींकडून हक्कसोडपत्र पण "आपलंच आहे गं" असं म्हणूनच लिहून घेतात. तू तर काही लिहून पण दिलेलं नाहीस, मग कशाला सोडतेस? आपल्या कायद्यात गाणं तयार झालं की कॉपीराइट आपोआप येतो, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाहीये, आणि शब्द लिहिणारी आणि चाल बांधणारी म्हणून नाव लावून घ्यायचा हक्क गाणं विकून टाकलं तरी तुझ्याकडेच राहतो. रॉयल्टीचं म्हणशील तर २०१२ साली कायदा बदलला तेव्हापासून गीतकार-संगीतकाराला आपला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून असा कुणाला देऊन टाकताच येत नाही. तो वाटा गोळा करणारी आयपीआरएस नावाची संस्था आहे, अंधेरीत ऑफिस आहे त्यांचं, गीतकार आणि संगीतकार दोन्ही म्हणून मेंबर हो. पैसे किती येतील? फारसे नाहीत. स्पॉटिफायवर तर बारा महिन्यांत १००० वेळा वाजल्याशिवाय त्या रेकॉर्डिंगचे पैसेच धरत नाहीत. पण उद्या एखाद्या सीरियलवाल्याला गाणं हवं झालं तर तो फोन कुणाला करेल? ज्याचं नाव दिसतंय त्याला.

म्हणून विचार की गाणी ज्या अकाउंटवरून टाकलीत त्याचं लॉगिन कुणाकडे आहे. गिटारवाल्याकडेच असणार, पैज लावते. गीतकार आणि संगीतकाराच्या रकान्यात नाव बदलता येतं, तेवढं बदलून घे. आणि पुढच्या गाण्यापासून रेकॉर्डिंगच्या आधी एका कागदावर लिहायचं की शब्द कुणाचे, चाल कुणाची, अरेंजमेंट कुणाची, चौघांच्या सह्या. त्याने सोलो छान वाजवला असेल तर ते पण लिही, कंजूषपणा करू नकोस. जुन्या गाण्यांचे तू फोनवर गुणगुणून ठेवलेले तुकडे, व्हॉट्सॲपवर पाठवलेले शब्द, काहीही डिलीट करू नकोस, त्यांच्यावर तारखा आहेत.

आणि ते आनंदघनचं! मला हसूच आलं. ते नाव दीदींनी स्वतः निवडलं होतं, स्वतःच्या कारणासाठी, आणि 'साधी माणसं' सिनेमाच्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा तो दीदींनाच मिळाला, गिटारवाल्याला नाही. सांग त्याला.

आता मला खरं बोलायचंय ते शेवटच्या दोन ओळींवर. बाई ओळखीची नाही म्हणतेस आणि पुढच्याच वाक्यात भजनी मंडळ उडवून लावतेस. तू कधी जाऊन बसलीयेस का तिथे? आमच्या नौपाड्यात एक मंडळ आहे, त्यातल्या ढोलकीवाल्या काकू साठीच्या आहेत, आल्या की आधी बांगड्या काढून पर्समध्ये टाकतात आणि मग असा काही ठेका धरतात की तुझा ड्रमर वही काढून बसेल. एक बाई संपवते न संपवते तोवर दुसरी उचलते, आणि पेटीवाली प्रत्येकीसाठी न विचारता पट्टी बदलते. न विचारता! एकजण बुकिंगची डायरी ठेवते, सत्यनारायण, बारसं, नवरात्र, मानधन किती आणि रिक्षाचे वेगळे किती हे फोनवरच ठरवून टाकते, लाजत बिजत नाही. भजनं गायची की नाही ते तू ठरव, पण चाली लावणाऱ्या, वाजवणाऱ्या, पैसे मागणाऱ्या बायका बघायच्या असतील तर सासूबाईंबरोबर एकदा जा. कदाचित तुझ्या पुढच्या गाण्याची ढोलकी तिथेच मिळेल.

दुसरं म्हणजे गांधर्वच्या परीक्षा आठव. तुमच्या क्लासमध्ये, परीक्षेच्या केंद्रावर, कोण होतं? मुलीच मुली. मग कॅफेच्या स्टेजवर मुलगेच मुलगे कसे झाले आणि त्या सगळ्या गेल्या कुठे? त्या तुझ्या फोनमध्येच आहेत, त्या क्लासच्या ग्रुपवर, जिथे आता फक्त हॅप्पी बर्थडे पडतं. ग्रुपवर घोषणा करू नकोस, सगळ्या अंगठा देतील आणि एक पण येणार नाही. दोघींना वेगवेगळा फोन कर. सोसायटीचं क्लबहाउस रविवारी दुपारी दोन तास घ्या, प्रत्येकीने अर्धवट गाणं आणायचं, पूर्ण झालेलं चालणार नाही, आणि कुणी व्हिडिओ काढायचा नाही. लहान मूल असेल तर घेऊन यायचं, रडलं तर रडलं. तिथे गाण्याइतकंच बाकीचं पण बोला, कुठला मालक पैसे महिनोन् महिने लटकवतो, कुठला साउंडवाला मॉनिटर (स्टेजवर आपला आवाज आपल्याला ऐकू येणारा स्पीकर) मागितला की "मॅडम, तुम्हाला नाही कळणार" म्हणतो, कुणाच्या बरोबर रात्री एकटीने गाडीत बसायचं नाही. हे एकेकटीला कळायला वर्षं जातात.

बँड सोडू का? अजून नको. या शनिवारी पट्टी आणि नाव, दोन्ही स्पष्ट माग, सगळे असताना, गिटारवाल्याला एकटं गाठून नाही. पट्टी दिली आणि नावाला टाळाटाळ केली तर पुढच्या महिन्यात एकदा परत विचार, लेखी. तेव्हा पण फॅमिली-फॅमिली चालू राहिलं तर तुझी चार गाणी उचल आणि निघ, कव्हर्स गायला त्यांना कुणीही मिळेल.

आणि घोडबंदरला गिग असेल तर रात्री बारानंतर ऐरोलीपर्यंतच्या कॅबचे पैसे मालकाकडून वेगळे घ्यायचे, तुझ्या वाट्यातून कापून नाही. हे बुकिंगच्या वेळीच बोलायचं.

— मावशी