पालकांचे प्रश्न : तिसरीचं वर्ष

गणेश चतुर्थीची सुटी संपली आणि पहिल्या चाचणीचे पेपर घरी आले की तिसरीच्या पालकांची पत्रं वाढतात. या वेळच्या पत्रांत गणित आहे, माध्यम आहे, दप्तरही आहे. पण निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ मुलाच्या वाचनात सापडतं, म्हणून पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : मुलगी दुसरीपर्यंत गणितात पुढे होती. या चाचणीत शाब्दिक उदाहरणं जवळजवळ सगळी चुकली. तीच उदाहरणं आम्ही मांडून दिली तर बरोबर सोडवते. शिकवणी लावावी का? (आई, साखळी)

गणिताची शिकवणी एवढ्यात नको. मांडून दिलेलं सुटतं, स्वतः वाचून मांडता येत नाही, म्हणजे ती वाचनात अडते आहे. दुसरीपर्यंत पानावर चित्र मोठं आणि ओळी मोजक्या असतात. तिसरीत परिच्छेद येतात, सूचना आपल्या आपण वाचाव्या लागतात आणि परिसर अभ्यासाचा धडा तर वाचल्याशिवाय पुढे सरकतच नाही. (वर्गशिक्षिकाच शिकवणी घेतात असं तुम्ही लिहिलं आहे. शाळेतल्या शिक्षकांनी खासगी शिकवणी घ्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नं मनाई आहे.)

आधी घरी तपासून पाहा. तिनं कधी न पाहिलेला, तिसरीच्या पातळीचा उतारा घ्या. पाठ्यपुस्तकातला धडा नको, कारण तो ऐकून ऐकून पाठ झालेला असतो आणि मूल वाचतंय असं आपल्याला उगाच वाटतं. मोबाइलवर एक मिनिट लावा. मध्ये थांबवू नका, दुरुस्त करू नका. चुकलेल्या शब्दांवर तुमच्या प्रतीत खूण करा आणि शेवटी बरोबर आलेले शब्द मोजा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात (२०२१) तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं उद्दिष्ट आहे. वर्षाच्या या टप्प्यावर पंचेचाळीस-पन्नास आले तर काळजी नाही. तीसच्या खाली असेल तर आजपासून रोज बसायला हवं. मग दोन प्रश्न विचारा : एकाचं उत्तर उताऱ्यात सरळ दिलेलं, दुसऱ्याचं अंदाजानं काढावं लागेल असं.

आता खुणांकडे वळा, कारण उपाय त्यांवर ठरतो. जोडाक्षरं आणि रफार अडत असतील (पर्वत, सूर्य, पत्र, विद्यार्थी) तर आठवड्याला एकच प्रकार घ्या आणि त्याचे आठ-दहा शब्द रोज वाचून घ्या, लिहून घ्या. पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द मनानं लावत असेल, ‘पर्वत’चं ‘परवा’ होत असेल, तर शब्दावर कागदाची पट्टी ठेवून एकेक अक्षर उघडत जा. बरोबर पण फार हळू वाचत असेल तर एकच उतारा तीन दिवस वाचू द्या. तिसऱ्या दिवशी वेग वाढलेला तिचा तिलाच कळतो. रोज दहा मिनिटं पुरतात. अर्धा तास बसवलं तर आठवडाभरात पुस्तक बघूनच कपाळाला आठ्या पडतील.

गणितापुरतं एक : उदाहरण वाचून झालं की आकडे झाकून काय घडलं ते सांगायला लावा. ‘जास्त’ दिसलं की बेरीज, ‘कमी’ दिसलं की वजाबाकी, अशी क्लृप्ती बऱ्याच मुलांना कुणीतरी शिकवलेली असते, आणि तीच गोत्यात आणते. ‘शांताकडे ३५ नारळ आहेत. ते गीतापेक्षा १२ जास्त आहेत. गीताकडे किती?’ क्लृप्तीवालं मूल ४७ लिहितं. उत्तर २३ आहे. कुणाकडे जास्त आहेत हे आधी तोंडी विचारलं, तर बहुतेक मुलं स्वतःच थबकतात.

प्रश्न : वजाबाकीत वरच्या संख्येत शून्य आलं की मुलगा हमखास चुकतो. (वडील, वाळपई)

५०३ − १७८ त्याला करायला द्या. उत्तर ४७५ आलं तर तो प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतो आहे : ८ मधून ३, ७ मधून ०, ५ मधून १. ही निष्काळजी नाही, त्याचा तो नियमच झाला आहे. म्हणून शंभर वेळा करून घेतलं तरी शंभर वेळा तसंच येईल. शंभराच्या पाच खोट्या नोटा आणि रुपयाची तीन नाणी मांडा. आठ रुपये द्यायचे आहेत, तीनच सुटे आहेत, दहाची नोट एकही नाही. मग शंभराची एक मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून दहा सुटे. हातात राहिले ४ शतक, ९ दशक, १३ एकक. आता वजा केलं की ३२५. आधी नोटांनी, मग नोटा आणि वही शेजारी शेजारी, शेवटी फक्त वहीत. नोटांवरून थेट वहीवर उडी मारली की जुना नियम परत येतो.

प्रश्न : तिसरीत नापास करतात का? (आजी, काणकोण)

नाही. त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं दिली ती पाचवी आणि आठवीपुरती. पण नात वरच्या वर्गात गेली म्हणजे तिला तिसरीचं सगळं आलं, असं धरू नका.

प्रश्न : घरी कोकणी, शाळा मराठी आणि पाचवीपासून सगळं इंग्रजीत. आताच इंग्रजी माध्यमात घालावं का? (पालक, पेडणे)

आमचं मत : तिसरीच्या मध्यावर हलवू नका. वाक्यं लांब व्हायला लागतात त्याच वर्षी मुलाला नव्या लिपीत वाचायला सुरुवात करावी लागते, आणि मराठी वाचनही अर्धवट राहतं. चौथी पूर्ण होऊ द्या आणि ही दोन वर्षं तयारीला वापरा.

तयारी म्हणजे इंग्रजी निबंध पाठ करणं नव्हे. इंग्रजी हा विषय त्याला पहिलीपासून आहेच. अक्षरांचे आवाज जोडून तीन-चार अक्षरी शब्द वाचता येतात का ते बघा. गणितातले शब्द दोन्ही भाषांत वापरात आणा : बेरीज आणि ॲडिशन, शतक आणि हंड्रेड. आणि आकडे. इंग्रजी आठ मराठी ४ सारखा दिसतो, इंग्रजी नऊ मराठी १ सारखा, इंग्रजी चार मराठी ५ सारखा. पाचवीच्या पहिल्या महिन्यात गणिताचे गुण जातात त्यातले काही इथंच. कॅलेंडर, बसचे नंबर, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या किमती येता-जाता वाचून घ्या.

कोकणी बंद करू नका. ती बोलणाऱ्या मुलाला मराठी समजायला अडचण येत नाही. लिहिताना कोकणी क्रियापद किंवा लिंग घुसतं, एवढंच. वहीत लाल रेघ मारण्यापेक्षा तेच वाक्य मराठीत म्हणून दाखवा आणि पुढे जा.

प्रश्न : शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत, बाई एकच. नुकसान होतं का? (आई, सांगे)

गोव्यातल्या कमी पटाच्या प्राथमिक शाळांत हे नेहमीचंच आहे. शिक्षण हक्क कायद्यातच ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक आहेत. इयत्ता चार, मग वर्ग जोडावेच लागतात. चौथीचा धडा कानावर पडतो हा फायदा. तोटा मोठ्यानं वाचायची पाळी क्वचित येण्यात आणि वही उशिरा तपासण्यात आहे. आठवड्यातून दोनदा तरी प्रत्येकाचं वाचन ऐकता येतं का, हे बाईंना सरळ विचारा. नसेल तर ते घरी घ्या. शिक्षकाची जागाच रिकामी असेल तर आधी शाळा व्यवस्थापन समितीत लेखी द्या, मग भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे.

प्रश्न : मुलगा तोंडी सगळं सांगतो, वाचताना मात्र अडखळतो, मात्रा गाळतो. आळस की आणखी काही? (आई, कुडचडे)

आधी डोळे आणि कान. फळ्यावरचं दिसत नाही हे आठ वर्षांचं मूल आपणहून सांगत नाही. सर्वांना तसंच दिसतं असं त्याला वाटतं. पावसात सर्दी कानात साठून काही आठवडे ऐकू कमी येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, पण त्याची वाट बघत बसू नका.

दोन्ही ठीक असतील तर वर सांगितलेला दहा मिनिटांचा सराव तीन महिने करा आणि महिन्यातून एकदा एका मिनिटाचे शब्द तारखेसह लिहून ठेवा. आकडा जागचा हलत नसेल, एका ओळीत बरोबर वाचलेला शब्द पुढच्या ओळीत चुकत असेल, तर शाळेशी बोला. अध्ययन अक्षमतेची प्राथमिक तपासणी शिक्षकांनी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा करावी, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. पुढे बालरोगतज्ज्ञ किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय). जाताना वह्या आणि ती तारखांची नोंद न्या. तपासणी मराठीतूनच व्हावी असा आग्रह धरा; इंग्रजीतून घेतली तर मराठी माध्यमाचं मूल आहे त्यापेक्षा कमी दिसतं.

प्रश्न : पाढे कितीपर्यंत आणि कसे? (वडील, फोंडा)

दहापर्यंत, पण उलटसुलट. ओळीनं म्हणणारं मूल सात आठे विचारल्यावर सात एके सातपासून सुरू करतं. २, ५, १० आधी, मग ४ आणि ८, ३ आणि ६, नंतर ९, शेवटी ७. सहा साते आणि साते सहा एकच, हे त्याला पटलं की १, २, ५, १० सोडून उरतात फक्त २१ गुणाकार. चिठ्ठ्या करा, आठवड्याला चार घ्या. दीड महिन्याचं काम आहे. बारा-पंधराचे पाढे नंतर.

प्रश्न : गृहपाठ आणि दप्तर किती असावं? (पालक, मडगाव)

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार तिसरी ते पाचवीला गृहपाठ आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, आणि दप्तर १.७ ते २.५ किलो. रिकामं दप्तर आधी वजन करा. चाकांची आणि कडक पाठीची बरीच दप्तरं इथंच मार खातात. लिटरची बाटली म्हणजे किलोभर, तेव्हा अर्ध्या लिटरची द्या. पावसात ओला रेनकोट दप्तरात कोंबला की वजन वाढतं आणि वह्याही भिजतात. त्याला वेगळी पिशवी ठेवा.