विकत घेतलेले ब्रश विद्यार्थ्यांना वाटले, आता नोटीस आली

प्रश्न : मी डिजिटल चित्रकला ऑनलाइन शिकवते. फोटोशॉपसाठी बनवलेला ४० ब्रशांचा (स्क्रीनवर फटकारे ओढायच्या तयार फाइलींचा) एक संच मी विकत घेतला होता. माझे बरेच विद्यार्थी क्रिता हे चित्रकलेचं मोफत सॉफ्टवेअर वापरतात, म्हणून त्यातले २२ ब्रश मी क्रितात आणले, सेटिंग्ज आणि नावं बदलली, माझे स्वतःचे १८ ब्रश घातले आणि सगळं मिळून एक बंडल माझ्या नावाने मोफत डाउनलोडसाठी ठेवलं. माझ्या तीन ब्रशांत कागदाच्या पोताचे फोटो आहेत. ते ‘सीसी बाय ४.०’ या खुल्या परवान्याखाली मिळाले होते. बंडल ३०० हून जास्त वेळा उतरवलं गेलं. आता मूळ संच बनवणाऱ्या चित्रकाराचा ईमेल आला आहे : सात दिवसांत बंडल काढा, जितके डाउनलोड तितक्या संचांची किंमत द्या आणि या ब्रशांनी काढलेली तुमची व विद्यार्थ्यांची सगळी चित्रं इंटरनेटवरून हटवा. मी यातून काहीच कमावलेलं नाही. ८० टक्के बदल केल्यावर ब्रश माझे होत नाहीत का?

उत्तर : पुढचं वाचण्याआधी ते बंडल इंटरनेटवरून काढून टाका. सात दिवसांची मुदत आहे म्हणून सातव्या दिवसाची वाट बघू नका, कारण ईमेल मिळाल्यानंतरचा प्रत्येक डाउनलोड ‘माहीत असूनही चालू ठेवलं’ या खात्यात जमा होतो. बंडल काढणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे. मात्र काढताना काही पुसू नका. खरेदीची पावती, मूळ एबीआर (फोटोशॉपच्या ब्रशांची) फाइल, बंडलची प्रत, डाउनलोडचा आकडा, तुमच्या १८ ब्रशांच्या जुन्या कच्च्या आवृत्त्या, सगळं तारखेसकट एका जागी ठेवा. माणसं घाबरून जुन्या फाइल उडवतात आणि मग आपले ब्रश आपणच बनवले हे दाखवायला हाताशी काही उरत नाही.

आता ते ८० टक्के. हा नियम मी चित्रकारांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकतो. कुणाकडे तो ३० टक्क्यांचा असतो, कुणाकडे ‘पाच बदल केले की झालं’ असा. कायद्यात तो कुठेच नाही. कोर्ट उलट्या बाजूने बघतं : तुम्ही किती बदललंत यापेक्षा दुसऱ्याचं त्यात काय उरलंय. उरलेल्या भागावर त्याच्या निर्मितीचा ठसा असेल, तर भोवती कितीही नवं घातलंत तरी तेवढा भाग त्याचा.

आणि काय उरलंय हे बघायचं तर ब्रश उघडावा लागतो. ब्रश ही एकच वस्तू वाटते, पण त्या फाइलमध्ये निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. क्रिताचं बंडल म्हणजे खरं तर झिप फाइल. आत ब्रशांचे प्रीसेट (जतन केलेल्या सेटिंग्ज), टोकांची चित्रं (ब्रश एकदा टेकवला की उमटणारा ठसा) आणि पोताचे नमुने वेगवेगळ्या फोल्डरांत असतात. केपीपी, म्हणजे क्रिताचा प्रीसेट, तर चक्क पीएनजी प्रतिमा असते : दिसतं ते ब्रशाचं छोटं चित्र आणि सेटिंग्ज त्या प्रतिमेच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलमधल्या न दिसणाऱ्या माहितीत, लिहिलेल्या. प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरचा ब्रशही झिपच. आकार आणि पोत अशा दोन प्रतिमा त्यात सापडतात.

यातल्या प्रत्येक भागाची कायद्यातली पत वेगळी. स्पेसिंग (दोन ठशांमधलं अंतर) किती, दाब वाढला की ओपॅसिटी (रंगाची अपारदर्शकता) किती वाढणार, पेन कलला की टोक फिरणार का, हे सगळे आकडे आणि कार्यपद्धती आहेत. बौद्धिक संपदेवरचा आंतरराष्ट्रीय ट्रिप्स करार १९९५ पासून लागू आहे. त्याचं कलम ९(२) सांगतं की कॉपीराइट अभिव्यक्तीला मिळतो. कल्पना, कार्यपद्धती, गणिती संकल्पना यांना नाही. त्यामुळे नुसत्या सेटिंग्जवर मालकी सांगणं त्या चित्रकाराला जड जाईल असं माझं मत आहे. आता यातली गंमत बघा : तुम्ही बदललंत ते नेमकं हेच. ज्यावर त्याचा हक्क मुळात कमजोर होता तिथे तुम्ही कष्ट घेतलेत आणि जिथे हक्क भक्कम आहे तिथे हातही लावला नाही.

तो भक्कम भाग म्हणजे टोकाची प्रतिमा आणि पोत. त्याने फुटका बोरू शाईत बुडवून कागदावर आपटला असेल, तो डाग स्कॅन करून साफ केला असेल, तर तो डाग छोटी का होईना, त्याची कलाकृती आहे. कॉपीराइटवरच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या चौकटीत त्यासाठी नोंदणीचीही अट नाही. उलट, मऊ कडांचं साधं गोल टोक कुणाच्याच मालकीचं नसतं. एबीआरचं क्रितात रूपांतर केल्याने यात काही फरक पडत नाही. फॉरमॅट बदलला, चित्र तेच.

म्हणून एक संध्याकाळ काढा. २२ पैकी प्रत्येक ब्रशाचं टोक आणि मूळ संचातलं टोक दोन लेयरवर एकाच मापात एकमेकांवर ठेवा आणि वरच्या लेयरचा ब्लेंडिंग मोड ‘डिफरन्स’ करा. सगळं काळं झालं तर चित्र जसंच्या तसं आहे. कुठे फक्त साधं गोल टोक निघेल, कुठे तुम्ही टोक खरंच नवं बनवलेलं असेल. ही यादी हातात आली की तुमची बाजू कुठे उभी राहते आणि कुठे नाही हे तुम्हालाच दिसेल.

एवढं सांगूनही, खरं घोडं पेंड खातं ते परवान्यापाशी. संच घेताना ज्या अटींवर तुम्ही न वाचता ‘मान्य’ म्हणालात, तो तुमच्या दोघांतला करार आहे. कॉपीराइट ज्याला संरक्षण देत नाही त्यावरही करार बंधन घालू शकतो. ब्रशांच्या परवान्यांत बहुधा अशा ओळी असतात : एका व्यक्तीने वापरावा, पूर्ण झालेल्या चित्रांत व्यावसायिक वापर चालेल, मूळ किंवा बदललेल्या रूपात ब्रश वाटता येणार नाहीत. शेवटची ओळ तुमच्या परवान्यात असेल तर ‘मी सेटिंग्ज बदलल्या’ हा बचाव तिथेच संपतो. खरेदीच्या दिवशी लागू असलेली प्रत शोधा. ती बहुतेक वेळा संचाच्या झिपमध्येच टेक्स्ट फाइल म्हणून पडलेली असते. विक्रेत्याच्या पानावर आज जे दिसतं ते नंतर बदललेलं असू शकतं.

‘विकत घेतलेली वस्तू मी कुणालाही देईन’ असं काही जण म्हणतात. पुस्तकाच्या छापील प्रतीला ते लागू पडतं. डिजिटल फाइलचं तसं नाही. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये वापरलेला सॉफ्टवेअर परवाना पुढे विकू दिला, पण विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी करावी या अटीवर. २०१९ मध्ये ई-पुस्तकांना त्याच न्यायालयाने तेवढीही मोकळीक नाकारली. तुम्ही तर स्वतःची प्रत ठेवून ३०० नव्या प्रती निघू दिल्यात. हा युक्तिवाद उत्तरात घालूच नका. क्रिता मोफत आहे, जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे, हाही मुद्दा नको. सॉफ्टवेअरचा परवाना सॉफ्टवेअरपुरता. तो त्यात आणलेल्या ब्रशाला चिकटत नाही.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते ‘माझ्या नावाने’ हे शब्द. क्रितात बंडल बनवताना लेखक आणि परवाना यांच्या रकान्यांत काय भरलंत? तिथे फक्त तुमचं नाव असेल, तर प्रश्न नुसत्या प्रती काढण्याचा राहत नाही. हक्कधारकाची डिजिटल ओळख काढून टाकणं किंवा बदलणं याविरुद्ध १९९६ च्या वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) कॉपीराइट करारात स्वतंत्र कलम आहे, बारावं. श्रेय मिळण्याचा नैतिक हक्क बर्न करारात आहेच. तुमचा हेतू वाईट नव्हता हे मी मानतो, पण समोरचा वकील हाच धागा ओढणार. नावाची चूक मोकळेपणाने दुरुस्त करा. बहुतेक कलाकारांचा राग पैशापेक्षा इथे जास्त असतो.

मोफत वाटलंत याने हक्कभंग टळत नाही, पण भरपाईचा हिशेब नक्की बदलतो. डाउनलोड गुणिले किंमत हा मागणीचा आकडा आहे, देण्याचा नव्हे. मोफत उतरवणाऱ्या प्रत्येकाने तो संच विकत घेतलाच असता असं धरता येत नाही. एकच विद्यार्थी दोन उपकरणांवर दोनदा उतरवतो, निम्मे उतरवून उघडतही नाहीत. शिवाय ४० पैकी २२ च ब्रश गेलेत. त्या आकड्याला होकारही देऊ नका आणि टिंगलही करू नका. ‘प्रत्यक्ष नुकसान कसं मोजलं ते कळवा’ एवढंच विचारा. डाउनलोडचा खरा आकडा मात्र लपवू नका.

चित्रं हटवण्याची मागणी मला अवाजवी वाटते. पूर्ण झालेल्या तुमच्या चित्रांना तुमचा परवाना आहे. मात्र ‘अट मोडल्यास परवाना आपोआप संपतो’ असं कलम त्यात आहे का ते बघा आणि असेल तर वाद मिटेपर्यंत ते ब्रश नव्या कामात वापरू नका. विद्यार्थ्यांकडे परवाना नव्हता हे खरं, पण खरखरीत टोकाने ओढलेल्या फटकाऱ्यात मूळ प्रतिमा ओळखू येत नाही. चित्राची मांडणी, रेषा, रंग त्यांचे आहेत. याला अपवाद शिक्क्याच्या ब्रशांचा. एका टिचकीत आख्खी वेल, लोखंडी जाळी किंवा उडणारा पक्षी उमटवणारा ब्रश असेल, तर चित्रात त्या चित्रकाराचं रेखाटन जसंच्या तसं उतरतं. तुमच्या २२ मध्ये असे किती आहेत ते मोजा. ज्या विद्यार्थ्यांनी ते वापरलेत त्यांना तेवढा भाग पुन्हा रंगवायला सांगा, किंवा त्यांच्यासाठी परवाना मागा.

सीसी बायच्या फोटोंचं काम त्यामानाने सोपं आहे. त्या परवान्यात एकच मोठी अट : श्रेय द्या. तुम्ही दिलेलं नसेल तर परवाना तुटलेला आहे, पण ४.० आवृत्तीत एक दार उघडं ठेवलं आहे. चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती सुधारलीत तर हक्क आपोआप परत मिळतात. फोटो काढणाऱ्याचं नाव, मूळ दुवा, परवान्याचं नाव आणि दुवा, शिवाय ‘बदल केले आहेत’ ही नोंद, एवढं पुढच्या बंडलच्या माहितीत हवं. तुमच्या बाकीच्या १५ ब्रशांबद्दलही स्वतःला एक प्रश्न विचारा : त्यातला एखादा फोटोशॉपच्या तयार ब्रशाची प्रत काढून सुरू केला होता का? अ‍ॅडोबीने २०१७ मध्ये ब्रश बनवणारे चित्रकार काइल वेबस्टर यांचा ब्रशसंग्रह घेऊन वर्गणीदारांना खुला केला, तेव्हापासून ‘सगळ्यांकडे आहेत, म्हणजे वाटले तरी चालतात’ असा समज पसरला आहे. वापरायला मिळणं आणि वाटायचा हक्क मिळणं या दोन गोष्टी आहेत. प्रत काढूनच सुरुवात करायची सवय असेल तर मायपेंट या मोफत चित्रकला सॉफ्टवेअरचे ब्रश घ्या. ते सीसी झिरोखाली, म्हणजे निर्मात्याने आपले हक्क सोडून दिलेले, आहेत, त्यांना श्रेयाचीही अट नाही.

उत्तर छोटं लिहा. मुद्दे हे, शब्द तुमचे : ‘तुमचा ईमेल अमुक तारखेला मिळाला, त्याच दिवशी बंडल काढलं. तुमच्या संचातले ब्रश माझ्या नावाखाली गेले ही चूक झाली, ती मी विद्यार्थ्यांना कळवून दुरुस्त करत आहे. भरपाई आणि चित्रं हटवणं या दोन मागण्या मला मान्य नाहीत. त्यांचा आधार कळवावा. माझे सर्व हक्क राखून हे लिहीत आहे.’ यात ‘चोरी’, ‘गुन्हा’ असे शब्द स्वतःहून आणू नका आणि आयुष्यभराची हमी देणारं काही सही करू नका. त्याने तडजोडीचा मसुदा पाठवला तर सही करण्याआधी तो तुमच्या भागातल्या वकिलाला दाखवा. विद्यार्थ्यांना स्वतंत्र संदेश पाठवा : जुनं बंडल क्रितातून काढा आणि पुढे कुणाला देऊ नका. नुसतं निष्क्रिय केलं तर फाइल संगणकावरच राहते, म्हणून रिसोर्स फोल्डरमधूनही ती काढायला सांगा.

तुमचे १८ ब्रश, श्रेय लिहून झाल्यावर आणि उगम तपासल्यावर, नव्या बंडलमध्ये बिनधास्त द्या. त्या २२ ची जागा भरायची असेल तर पांढऱ्या कॅनव्हासवर स्वतः डाग पाडा, त्यातून टोक बनवा आणि फटकारा हवा तसा येईपर्यंत आकडे फिरवा. दुसऱ्याच्या ब्रशासारखा परिणाम साधायला बंदी नाही. वर्गात स्क्रीन शेअर करून विकत घेतलेल्या ब्रशाने रंगवून दाखवायलाही नाही. फाइल तुमच्याच संगणकावर राहिली तर तो वापर झाला, वाटप नव्हे.