संग्रहालय, महोत्सव आणि गावाचा गल्ला : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्या गावच्या संग्रहालयाचं तिकीट दहा रुपये. वर्षभराच्या विक्रीतून शिपायाचा पगारही निघत नाही. मग गावाला काय मिळतं?

तिकिटाच्या गल्ल्यावरून हे कळत नाही. पैसा पडतो खाणावळीत, रिक्षात, लॉजवर. बाहेर पडणाऱ्या दर दहाव्या माणसाला चार गोष्टी विचारा : कुठून आलात, मुक्काम आहे का, इथे माणशी किती खर्च झाला, आणि संग्रहालय नसतं तरी गावात आला असता का? गावकऱ्यांचा खर्च धरू नका, तो एरवीही इथेच झाला असता. लग्नाला येऊन सहज डोकावलेलेही वगळा.

समजा, उरले २४०. त्यांतले १८० त्याच दिवशी परतले, माणशी ४०० रुपये खर्चून : ७२,००० रुपये. ६० जण राहिले, माणशी २,००० : १,२०,००० रुपये. माणसं पाव हिस्सा, पैसा निम्म्याहून जास्त. म्हणून सगळी खटपट त्या एका मुक्कामासाठी करायची. मोजणी सुट्टीच्या आणि मधल्या वारी, दोन्ही दिवशी करा. नुसत्या जत्रेच्या दिवशी मोजलं तर आकडा फुगतो.

प्रश्न : आमच्या संगीत महोत्सवाला मांडव भरतो, पण लॉज रिकामेच. असं का?

वेळापत्रक बघा. संग्रहालय पाचला बंद, गाणं सातला सुरू. मधले दोन तास पाहुण्याने करायचं काय? तो थेट सातला येतो आणि दहाला गाडी काढतो. त्या दिवसांत संग्रहालय साडेसहापर्यंत उघडं ठेवा, साप्ताहिक सुट्टी मध्ये येत असेल तर ती पुढे ढकला.

शेवटची मैफल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ठेवा. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, बारापर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मिळते, त्यामुळे रात्र लांबवता येत नाही. ललत, तोडी असे सकाळचे राग संध्याकाळच्या मैफलींमुळे ऐकायलाच मिळत नाहीत. जाणकार त्यासाठी नक्की थांबतो, आणि थांबला की रात्रीचं जेवण, खोली, सकाळचा नाश्ता सगळं गावातच होतं.

साताऱ्याच्या औंधात दोन्ही गोष्टी आहेत : तिथले संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय आणि १९४०पासूनचा संगीत महोत्सव. अशा ठिकाणी पत्रिकेवर ‘संग्रहालयास भेट द्या’ एवढंच छापून कुणी फिरकत नाही. ‘जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं मायलेकराचं दगडी शिल्प इथे आहे’ असं लिहा, खाली अंतर आणि वेळ द्या. मग पाय वळतात. त्याच पत्रिकेत लॉजचे आणि घरगुती खोल्यांचे दर, फोन क्रमांक हवेत, आणि ती महिनाभर आधी निघायला हवी.

प्रश्न : गावकरी जुनी भांडी, नाणी, पोथ्या द्यायला तयार आहेत. सगळं घ्यावं का?

नाही. तीस समया मांडल्या तर पाहुणा तिसरीपाशीच कंटाळतो. घ्याल त्याचा क्रमांक, माप, फोटो आणि देणाऱ्याचं नाव त्याच दिवशी नोंदवहीत चढवा. वस्तू कायमची दिली की उसनी, हे लिहून सही घ्या, नाहीतर पुढे भावकी परत मागायला येते. शंभर वर्षांपुढच्या मूर्तीला १९७२चा पुरावशेष कायदा लागू होतो; तिची नोंदणी आहे का, ते आधी विचारा. नांगरताना सापडलेली नाणी भेट म्हणून घेऊच नका. १८७८च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

पोथी खिडकीसमोर ठेवू नका, ५० लक्सहून (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड नको. लॅमिनेशन तर अजिबात नको : उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही, काढायला गेलात तर अक्षरंही सुटून येतात. ताम्रपट चिंचेने घासला की चकाकतो, पण कोरलेल्या ओळी झिजतात. कोरड्या मऊ कुंच्याने धूळ झाडा, बाकीचं जतनतज्ज्ञावर सोडा.

प्रश्न : हाती पन्नास हजारच आहेत. आधी काय करावं?

स्वच्छतागृह दुरुस्त करा आणि पिण्याचं पाणी ठेवा. त्यावाचून कुटुंबं अर्ध्या तासात निघतात. मग एसटी स्थानकापासून बाणाच्या पाट्या लावा. गूगल मॅप्सवरच्या वेळा दुरुस्त करायला तर पैसाही लागत नाही.