प्रायव्हेट पायलट लायसन्सवर मंडळाच्या निधीसाठी लोकांना विमानातून फिरवता येतं का? आणि रुग्णांना?

तुम्ही न्यू जर्सीतून विचारताय, म्हणजे एफएएचे (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचे) नियम लागू. तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं आहेत: मंडळाच्या लिलावात विमानाची फेरी ठेवणं, आणि पुढे संस्थेतर्फे रुग्णांना उपचारांसाठी नेणं. दोन्ही पुण्यकर्मंच, पण पहिल्यात प्रवासी पैसे मोजतो, दुसऱ्यात नाही. म्हणून नियमही निराळे.

मूळ नियम ६१.११३. प्रायव्हेट पायलटने मोबदल्यासाठी प्रवासी न्यायचे नाहीत. मोबदला म्हणजे फक्त रोख नव्हे. इंधन दुसऱ्याने भरलं आणि तुम्ही लॉगबुकात (उड्डाणांच्या नोंदवहीत) फुकट तास चढवले, तर तोही मोबदला धरला जातो. मित्रांत खर्च वाटता येतो, पण तुमचा वाटा तुम्हालाच भरावा लागतो. विमानात तुमच्यासह चौघे आणि इंधन, ऑइल, विमानतळाचे आकार, भाडं मिळून ४०० डॉलर, तर किमान १०० तुमचे.

लिलावासाठी ९१.१४६ ची सवलत आहे. प्रायव्हेट पायलटकडे उड्डाणाचे किमान ५०० तास हवेत. उड्डाण दिवसा, व्हीएफआरमध्ये (म्हणजे बाहेर नजरेने बघत उडता येईल अशा हवेत), मध्ये कुठेही न उतरता, त्याच विमानतळावर परत आणि २५ मैलांच्या आत. त्यामुळे 'ब्लॉक आयलंड बेटावर जेवायला नेऊन आणू' हे लिलावात हमखास खपणारं बक्षीस नियमात बसत नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. विमानाला स्टँडर्ड एअरवर्दीनेस सर्टिफिकेट (उडण्यायोग्य असल्याचा नेहमीचा दाखला) लागतं, म्हणजे घरी बांधलेलं एक्स्पेरिमेंटल विमान बाद.

मंडळ करसवलतपात्र धर्मादाय संस्था असेल तर वर्षाला ४ कार्यक्रम, प्रत्येकी सलग ३ दिवसांपर्यंत. तशी नोंदणी नसेल आणि एखाद्या स्थानिक कामासाठी वर्गणी जमवत असाल, तर तो सामुदायिक कार्यक्रम, वर्षात एकच. ही मोजणी आयोजकाची वेगळी आणि पायलटची वेगळी होते. दुसऱ्या संस्थांसाठी तुम्ही आधीच चार वेळा उडाला असाल, तर मंडळाची पाटी कोरी असूनही उपयोग नाही.

कागदपत्रं किमान ७ दिवस आधी त्या भागाच्या एफएए कार्यालयात, म्हणजे एफएसडीओत, पोचली पाहिजेत: आयोजकाचं नाव, उद्देश, तारीख, वेळ आणि ठिकाण असलेलं सहीचं पत्र, लायसन्स, मेडिकल सर्टिफिकेट आणि लॉगबुकातल्या संबंधित नोंदींच्या प्रती, आणि यंदा आधी झालेल्या अशा कार्यक्रमांची आयोजक आणि पायलट दोघांची यादी.

सहलीच्या उड्डाणांसाठीचे भाग १३६ मधले सुरक्षानियमही पाळावे लागतात. हडसन नदीवरून न्यायचं ठरवलंत, तर एका इंजिनाच्या विमानातून इंजिन बंद पडल्यावर तरंगत किनारा गाठता येईल एवढी उंची हवी. नाहीतर प्रत्येकाच्या अंगात उड्डाणाआधीच लाइफ जॅकेट. आणि 'किनारा' म्हणताना उतरायला अयोग्य जमीन मोजत नाहीत. मॅनहॅटनचा काठ नजरेसमोर आणा, मग उत्तर आपोआप मिळतं. माझ्या मते तिथे जॅकेटं घालूनच निघावं.

आता रुग्ण. इथे प्रवाशाकडून पैसाच घ्यायचा नाही, त्यामुळे ९१.१४६ ची २५ मैलांची अट येत नाही. तुम्ही सगळा खर्च स्वतः उचललात तर साधं भाग ९१ चं (सर्वसाधारण नियमांखालचं) उड्डाण. इंधनाचे पैसे परत घ्यायचे असतील, तर संस्थेकडे एफएएची सूट आहे का ते आधी विचारा आणि तिच्या अटी लेखी मागून घ्या. करवजावटीला एफएए मोबदला मानत नाही. इंधन-तेलासारखा थेट खर्च देणगी म्हणून दाखवता येतो. विमा, घसारा, सर्वसाधारण दुरुस्ती आणि तुमच्या वेळेची किंमत नाही. परत मिळालेली रक्कमही अर्थातच नाही.

या उड्डाणात खरा धोका कायद्याचा नसून हवामानाचा. दवाखान्याची वेळ ठरलेली असली की 'जाऊनच येऊ' हा दबाव वाढतो. रुग्णाला पहिल्याच फोनवर सांगा की उड्डाण रद्द होऊ शकतं, आणि गाडीची किंवा नेहमीच्या विमान तिकिटाची सोय आधीच बघून ठेवा. माणसांचं, सामानाचं आणि घडीच्या व्हीलचेअरचंही वजन विचारून घ्या. चार सीटच्या विमानात पूर्ण टाकी आणि चार मोठी माणसं बहुधा वजनमर्यादेत एकत्र बसत नाहीत.

विमा कंपनीला दोन्ही कामांची माहिती लेखी द्या. लिलावाच्या उड्डाणात पैसे घेतले जातात, म्हणून काही पॉलिसी ते वगळतात. संरक्षण आहे असं उत्तर हातात येईपर्यंत लिलावाचं पत्रक छापू नका.