बाबांच्या गोळीसाठी राहता फ्लॅट विकावा का?

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वडील 64 वर्षांचे, निवृत्त शिक्षक. फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज, ईजीएफआर म्युटेशन पॉझिटिव्ह, म्हणजे कॅन्सर वाढवणारा ईजीएफआर जनुकातला बदल सापडला आहे. डॉक्टरांनी त्या बदलावरच काम करणाऱ्या ओसिमर्टिनिब या औषधाची रोज एक गोळी सांगितली आहे. औषध कंपनीची मदत योजना धरूनही महिन्याला सव्वा लाख लागतील. पेन्शन 36 हजार, एफडी 17 लाख, आईचे 14 तोळे आणि राहता फ्लॅट. गिऱ्हाईक 38 लाख द्यायला तयार आहे, पण महिन्याभरात व्यवहार उरकायचा म्हणतं.

ताई, फ्लॅट आत्ता विकू नका. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत गोळी लांबवूही नका.

हा खर्च ऑपरेशनसारखा एकदाच होऊन संपणारा नाही. गोळी लागू पडते आहे तोवर दर महिन्याला तो येणार, आणि किती महिने ते आज कुणालाच सांगता येणार नाही. या गोळीच्या फ्लॉरा नावाच्या मोठ्या चाचणीत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ 18.9 महिने होता. म्हणजे निम्म्या रुग्णांचा त्याआधीच वाढला, निम्म्यांचा त्यानंतर. तुमची एफडी साडेतेरा महिने पुरते आणि घरखर्च पेन्शनमध्ये भागतो. मग पहिल्याच महिन्यात आजारी माणसाला भाड्याच्या घरात कशासाठी न्यायचं? घाईचं गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं, वर विक्रीच्या नफ्यावर कर आहेच. एफडी एकदम मोडू नका, तीन-तीन महिन्यांपुरती मोडा. दर स्कॅननंतर पुढचं ठरवा.

डॉक्टरांना एक प्रश्न मात्र स्पष्ट विचारा: "खर्चाची अडचण आहे, बाबांसाठी दुसरा चांगला पर्याय आहे का?" मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जेफिटिनिब या जुन्या, कितीतरी स्वस्त गोळीला केमोची जोड दिल्यावर तोच काळ 8 वरून 16 महिन्यांवर गेला. दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी मांडून निकाल लावता येत नाही. केमोचा त्रास वेगळा, आणि आजार मेंदूत गेला असेल तर ओसिमर्टिनिबचं पारडं जड होतं. निर्णय डॉक्टरांचाच. पण पैशांचं बोलायला संकोचून गप्प बसलेली आणि वर्षभरात कोसळलेली घरं मी पाहिली आहेत.

विमा कंपनीनं "ॲडमिशन नाही, घरी घ्यायची गोळी" म्हणून क्लेम नाकारल्याचं तुम्ही लिहिता. ते पत्र जपून ठेवा. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत ओरल केमोथेरपी, म्हणजे तोंडानं घ्यायची केमो आहे. कंपनीला त्यावर मर्यादा घालता येते, ती सरसकट वगळता येत नाही. तुमची गोळी त्यात बसते की नाही यावर कंपन्या वाद घालतात, म्हणूनच भांडायचं. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात दाद मिळाली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

औषधाचं कोटेशनही ताजं मागा. 2024 च्या अर्थसंकल्पात या औषधावरची कस्टम ड्युटी माफ झाली आणि त्याच वर्षी जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. जुन्या दराचा कागद अजून फिरत असेल तर दुकानदाराला विचारायला लाजू नका. व्हॉट्सॲपवर बिलाविना मिळणारी परदेशी "स्वस्त" गोळी मात्र घेऊ नका. आत काय आहे ते कळत नाही, शिवाय क्लेमही हातचा जातो.

माझ्या एका क्लायंटच्या घरी काकू बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात प्रत्येक रिकामी स्ट्रिप ठेवायच्या. स्ट्रिपवर बॉलपेननं तारीख, बिल रबर लावून सोबत. मदत योजनेनं रिकामी पाकिटं मागितली तेव्हा त्यांना काहीच शोधावं लागलं नाही. तुम्हीही आजपासून असा डबा करा. जुनी करप्रणाली घेत असाल तर आयकरात ज्येष्ठांच्या कॅन्सरच्या उपचारावर (1961 च्या कायद्यात कलम 80 डीडीबी) एक लाखापर्यंतची वजावटही याच बिलांवर मिळते.

सोन्याबद्दल माझं मत कदाचित आवडणार नाही. गरज पडलीच तर गहाण ठेवू नका, थोडं थोडं मोडा. कर्ज फेडायला नवं उत्पन्न येणार नाही आणि दागिने व्याजातच जातील. आईंना मात्र आधी विचारा.

बाबांनाही विचारलंत का? तुमच्या चार पानी पत्रात त्यांचं म्हणणं कुठे दिसलं नाही. फ्लॅट त्यांनी पगारातून हप्ते भरून घेतला आहे, त्यात पुढे आईंना राहायचं आहे. आज संध्याकाळी दोघांसमोर हे आकडे ठेवा, आणि गिऱ्हाइकाला कळवा की पहिला स्कॅन होईपर्यंत थांबता येत असेल तरच पुढे बोलू.