सर्बिया आणि कोसोवो यांच्यातील वाटाघाटी २०११ पासून का रेंगाळल्या आहेत, आणि मॅसेडोनियाच्या नावाचा वाद मात्र कसा मिटला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : आग्नेय युरोपातील वादांवर वर्षानुवर्षे चर्चेच्या फेऱ्या होतात, ग्रीस आणि मॅसेडोनिया यांनी त्यातून मार्ग काढला, मग बेलग्रेड (सर्बियाची राजधानी) आणि प्रिश्टिना (कोसोवोची राजधानी) यांना तो का सापडत नाही, आणि अशा चर्चांचा मुळात काही उपयोग असतो का?

पदव्युत्तर वर्गाला आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवत असताना मी विद्यार्थ्यांपुढे दोन कागद ठेवत असे. एक म्हणजे ग्रीस आणि मॅसेडोनिया यांच्यातील जून २०१८ मधील प्रेस्पा करार, वीस कलमांचा, काहीसा कंटाळवाणा आणि कायद्याच्या भाषेतला. दुसरा म्हणजे सर्बिया आणि कोसोवो यांच्यातील एप्रिल २०१३ मधील ब्रुसेल्स करार, पंधरा मुद्द्यांचा, जेमतेम दोन पानांचा. ज्या वाक्याचे दोन अर्थ निघू शकतात त्याखाली रेघ मारा, एवढेच मी त्यांना सांगत असे. पहिल्या कागदावर तुरळक रेघा पडत आणि दुसऱ्याचे पहिले अर्धे पान जवळजवळ रेघांनीच भरून जाई. तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मला त्या रेघांमध्ये दिसते.

हे दोन वाद एकाच वजनाचे नाहीत, हे आधी मान्य केले पाहिजे. मॅसेडोनियाचे अस्तित्व ग्रीसने कधी नाकारले नव्हते. आक्षेप नावाला होता. १९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून बाहेर पडलेल्या या देशाने जे नाव घेतले, तेच नाव थेस्सालोनिकी ज्या ग्रीक प्रदेशात येते त्याचे आहे, आणि नावाबरोबर अलेक्झांडरचा वारसा आणि उद्या कदाचित भूभागही मागितला जाईल, असा अथेन्सचा संशय होता. त्यामुळे १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो ‘मॅसेडोनिया हे माजी युगोस्लाव्ह प्रजासत्ताक’ अशा लांबलचक तात्पुरत्या नावाने, आणि इंग्रजी वर्णक्रमात त्या नावाच्या आरंभीचे ‘the’ हे उपपदच धरल्यामुळे आमसभेत या देशाची जागा थायलंडच्या शेजारी आली. १९९४ मध्ये ग्रीसने व्यापाराची नाकेबंदी केली; १९९५ च्या अंतरिम करारानंतर ती उठली. २००८ मध्ये बुखारेस्टच्या नाटो परिषदेत ग्रीसने प्रवेश अडवला, आणि तसे करून ग्रीसने अंतरिम कराराचा भंग केला असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०११ मध्ये दिला, तरी त्या निकालाने प्रत्यक्षात काहीही हलले नाही. ज्यांचा न्यायालयीन निवाड्यावर फार विश्वास असतो त्यांना मी हे उदाहरण नेहमी सांगतो.

हलले ते २०१७ नंतर, जेव्हा मॅसेडोनियाची राजधानी स्कोप्ये येथे झोरान झाएव्ह पंतप्रधान झाले. आधीच्या सरकारने विमानतळाला आणि महामार्गाला अलेक्झांडरचे नाव दिले होते, ते झाएव्ह सरकारने २०१८ च्या सुरुवातीला काढून टाकले. चर्चेच्या टेबलावर काही मिळण्याआधी, आपल्या घरात करता येण्याजोगी आणि समोरच्याला उघड दिसणारी गोष्ट त्यांनी केली. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ मॅथ्यू निमेट्झ या एकाच प्रश्नावर १९९० च्या दशकापासून काम करत होते, आणि नावांचे बहुतेक सगळे पर्याय त्यांच्या काळात कधी ना कधी मांडून झालेले होते. उणीव होती ती राजकीय धैर्याची आणि चांगल्या मसुद्याची.

त्या मसुद्यातील सातवे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘मॅसेडोनिया’ आणि ‘मॅसेडोनियन’ हे शब्द दोन्ही देश वेगवेगळ्या ऐतिहासिक संदर्भात आणि वेगळ्या सांस्कृतिक वारशासाठी वापरतात, असे त्यात दोघांनी मिळून लिहून ठेवले आहे. मतभेद झाकण्यासाठी गोलमाल शब्द शोधण्याऐवजी त्यांनी मतभेदाचेच नेमके वर्णन करून त्यावर सह्या केल्या. देशाचे नाव उत्तर मॅसेडोनिया, आणि ते देशांतर्गत तसेच परदेशी अशा सर्व व्यवहारांसाठी. भाषेचे नाव मॅसेडोनियन, पण ती दक्षिण स्लाव्ह कुळातील असल्याचा स्पष्ट उल्लेख. देशाची संक्षिप्त खूण जुनीच राहील, पण मोटारींच्या नंबरप्लेटवर मात्र नवी येईल, इतक्या बारकाव्यापर्यंत हा करार जातो. शालेय पुस्तकांतील इतिहास तपासण्यासाठी संयुक्त समितीही त्यातच आहे.

दुसरी जमेची बाजू क्रमाची. आधी स्कोप्येने राज्यघटना बदलायची, त्यानंतर ग्रीक संसदेने कराराला आणि मग नाटो प्रवेशाला मान्यता द्यायची, असे टप्पे ठरले होते आणि पुढच्याचे पाऊल पडल्याशिवाय मागच्याला हलायचे नव्हते. वाट सोपी नव्हती. सप्टेंबर २०१८ च्या सार्वमतात होकार देणारे नव्वद टक्क्यांहून अधिक होते, पण मतदान सुमारे ३७ टक्केच झाले. सार्वमत केवळ सल्ल्यापुरते आहे असे म्हणत सरकारने संसदेत १२० पैकी ८१ मते जमवली आणि जानेवारी २०१९ मध्ये घटनादुरुस्ती केली. त्याच महिन्यात ग्रीक संसदेने ३०० पैकी १५३ मतांनी करार मान्य केला, तोही ग्रीसचे पंतप्रधान अलेक्सिस त्सिप्रास यांचा आघाडीतील भागीदार पक्ष बाहेर पडल्यानंतर. पुढे त्सिप्रास जुलै २०१९ ची निवडणूक हरले.

आता कोसोवो. येथे वाद नावाचा नसून राज्य म्हणून अस्तित्वाचा आहे. कोसोवोने १७ फेब्रुवारी २००८ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. सर्बियाच्या राज्यघटनेत तो आजही सर्बियाचाच प्रांत आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये सल्लागार मत दिले की त्या घोषणेने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झालेला नाही, आणि त्याच वर्षी आमसभेच्या ठरावाने संवादाचे काम युरोपीय संघाकडे आले. गंमत अशी की मध्यस्थाच्या घरातच एकमत नाही : स्पेन, ग्रीस, सायप्रस, रोमानिया आणि स्लोव्हाकिया हे संघाचे पाच सदस्य कोसोवोला मान्यता देत नाहीत. (भारतानेही दिलेली नाही.)

अशा स्थितीत ब्रुसेल्सच्या मुत्सद्द्यांनी जो मार्ग काढला त्याला त्यांच्या भाषेत ‘रचनात्मक संदिग्धता’ म्हणतात. दोन्ही पक्षांना आपापल्या घरी वेगळा अर्थ सांगता येईल असा शब्द वापरायचा आणि पुढे सरकायचे. २०१२ मध्ये प्रादेशिक बैठकांसाठी कोसोवोच्या नावापुढे एक तारा आणि खाली तळटीप असा तोडगा निघाला, आणि मला तो आजही पसंत आहे, कारण त्यामुळे बैठकीच्या खोलीत बसता तरी आले. पण २०१३ च्या करारात तीच युक्ती मर्मावर वापरली गेली. कोसोवोतील सर्बबहुल नगरपालिकांची एक ‘असोसिएशन, तिरकी रेघ, कम्युनिटी’ स्थापन होईल, असे त्या कराराचे पहिलेच वाक्य सांगते. प्रिश्टिनाने रेघेच्या डावीकडचा शब्द उचलला आणि तिचा अर्थ नगरपालिकांचा साधा संघ असा लावला. बेलग्रेडने उजवीकडचा उचलला आणि अधिकार असलेली स्वायत्त यंत्रणा मिळाली असे लोकांना सांगितले. अर्थव्यवस्था, शिक्षण, आरोग्य आणि नियोजन या क्षेत्रांवर तिची ‘पूर्ण देखरेख’ असेल, असे चौथा मुद्दा म्हणतो. देखरेख करणाऱ्याला निर्णय घेता येतो की नुसते पाहता येते, हे कागदावर कोठेही नाही.

त्या कागदाची नंतरची कहाणीही तितकीच बोलकी आहे. कोसोवोच्या संसदेने त्याला आंतरराष्ट्रीय करार म्हणून मान्यता दिली. सर्बियाच्या घटना न्यायालयाने तो राजकीय विषय ठरवून त्यावर निर्णय देण्याचेच नाकारले. २०१५ मध्ये या संघटनेची तत्त्वे ठरली, तेव्हा कोसोवोच्या घटना न्यायालयाने त्यांतील काही बाबी राज्यघटनेशी पूर्णपणे जुळत नाहीत असे म्हटले. ती संघटना अजून कागदावरच आहे.

तरीही चर्चा निरुपयोगी झाल्या असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कोसोवोतील मोबाइलधारक पूर्वी मोनॅको किंवा स्लोव्हेनियाचा दूरध्वनी संकेतांक वापरत. आज त्यांना +३८३ हा स्वतःचा आहे, आणि तो याच संवादातून आला. उत्तरेकडील सर्ब पोलीस कोसोवोच्या पोलीस दलात सामील झाले होते. आणि चर्चा अडली की काय होते याचा सर्वांत विलक्षण नमुना २०१८ च्या आरंभी दिसला. विजेच्या जाळ्यावरील नियंत्रणाचा वाद मिटला नव्हता, कोसोवोत विजेची तूट पडत होती, ती भरून काढण्याची जबाबदारी सर्बियाच्या यंत्रणेने पार पाडली नाही, आणि त्यामुळे संपूर्ण खंडीय युरोपच्या विद्युतजाळ्याची वारंवारता किंचित घसरली. परिणाम असा की पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत विजेच्या वारंवारतेवर चालणारी घड्याळे मार्चच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ सहा मिनिटे मागे पडली. ‘तिकडच्या भांडणाशी आमचा काय संबंध’ असे विचारणाऱ्याला याहून चांगले उत्तर मला देता येत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्बियन नंबरप्लेट बदलण्याच्या वादावरून उत्तर कोसोवोतील सर्बांनी पोलीस, न्यायालये आणि नगरपालिकांमधील पदांचे राजीनामे दिले, आणि दहा वर्षांत जे थोडेफार बांधले होते ते काही दिवसांत मोडले. फेब्रुवारी आणि मार्च २०२३ मध्ये ब्रुसेल्स व ओह्रिड येथे नवा करार आणि त्याच्या अंमलबजावणीचे परिशिष्ट झाले, पण दोन्हींवर सही नाही. आपला उजवा हात फार दुखतो आणि पुढची चार वर्षे तो दुखत राहणार आहे, असे सर्बियाचे अध्यक्ष वुचिच यांनी पत्रकारांना सांगितले. विनोद म्हणून ते ठीक असेल, पण सही नसलेल्या कराराच्या बंधनाविषयी त्याहून स्पष्ट बोलणे शक्य नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उत्तर कोसोवोतील बान्यस्का येथे सशस्त्र सर्ब गटाच्या हल्ल्यात कोसोवोचा एक पोलीस मारला गेला.

मग कोसोवोसाठी प्रेस्पासारखाच करार का लिहीत नाहीत, असे तुम्ही विचाराल. नेमकेपणाने लिहायला गेल्यास पहिल्याच ओळीत मान्यतेचा प्रश्न उभा राहतो, हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक अस्वस्थ करते. उत्तर मॅसेडोनियाने नाव बदलले, मार्च २०२० मध्ये नाटोचे सदस्यत्व मिळाले, पण युरोपीय संघाचा दरवाजा आधी २०१९ मध्ये फ्रान्सने आणि नंतर २०२० मध्ये बल्गेरियाने अडवला. आता अट आहे की राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख घालावा, आणि त्यासाठी लागणारे दोन-तृतीयांश बहुमत तेथे कोणाला जमवता आलेले नाही. २०२४ मध्ये सत्तेत परतलेल्या पक्षाचा कराराला विरोधच होता; नव्या अध्यक्षांनी शपथविधीत देशाचा उल्लेख नुसता ‘मॅसेडोनिया’ असा केला आणि ग्रीक राजदूत तेथून उठून गेल्या. हे सगळे बेलग्रेड आणि प्रिश्टिना येथून पाहिले जाते. सवलत देणाऱ्याला मोबदला देणे ज्याच्या हाती आहे तो तिसराच पक्ष जर शब्द पाळू शकत नसेल, तर हात दुखणे हे शहाणपणाचेच धोरण वाटू लागते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोपीय संघाने त्या बहुचर्चित संघटनेच्या नियमावलीचा मसुदा दोन्ही बाजूंना दिला आहे. पुढच्या फेरीची बातमी वाचाल तेव्हा नेत्यांच्या हस्तांदोलनाचे छायाचित्र सोडून द्या, आणि तो मसुदा कोसोवोच्या घटना न्यायालयाकडे पाठवला गेला का आणि फेब्रुवारी २०२३ च्या कागदावर सह्या झाल्या का, एवढे दोनच तपशील शोधा.