समुद्रकाठच्या रस्त्याला फाटक. सोलापूरकरांनी दाद कुठे मागायची?

प्रश्न : आम्ही सोलापूरचे सायकलस्वार दर हिवाळ्यात कोकण किनाऱ्याने सायकली चालवतो. यंदा दापोली तालुक्यात एका रिसॉर्टने किनाऱ्यालगतच्या जुन्या वाटेवर फाटक लावून ‘सायकलींना बंदी’ अशी पाटी टांगली आहे. गावकऱ्यांना मात्र पायी सोडतात. आम्ही निवेदनावर सह्या गोळा करून सोलापूर जिल्हाधिकारी कार्यालयाजवळच्या पूनम गेटवर धरणे धरणार आहोत. बाहेरगावच्यांना यात काही हक्क आहे का?

उत्तर : आहे, पण तुमच्या निवेदनात लिहिलाय तो नव्हे. ‘किनाऱ्याने सायकल चालवण्याचा घटनादत्त हक्क’ हे वाक्य आधी खोडा. राज्यघटनेच्या कलम १९ वर, म्हणजे संचारस्वातंत्र्यावर, भाषण रंगेल, फाटक हलणार नाही. खरा प्रश्न एवढाच, की ती वाट कोणाची?

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार खासगी मालकीच्या नसलेल्या सार्वजनिक वाटा आणि भरतीरेषेखालचा समुद्रतळ सरकारचा. तेव्हा गाव नकाशा आणि त्या गटाचा सातबारा काढा. वाटेवर सरकारी पैसा खर्च झालाय का, हे ग्रामपंचायतीला माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचं काम आहे.

वाट सार्वजनिक निघाली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली तिथल्या प्रांताधिकाऱ्यांकडे अडथळा काढण्यासाठी अर्ज द्या. त्यासाठी गावचा रहिवासी असावं लागत नाही. दिवाणी दावाही कोणत्याही दोघांना न्यायालयाच्या परवानगीने लावता येतो. स्वतःचं नुकसान दाखवावं लागत नाही. पण तो तिथल्याच न्यायालयात. सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांचा दापोलीत हुकूम चालत नाही, मग पूनम गेटवर उन्हात कशाला बसायचं? सगळीकडे टोलवाटोलवीच झाली, तर उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच आहे. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर आणि रत्नागिरी दोन्ही जिल्हे त्याच्याच कक्षेत येतात.

वाट खासगी निघाली, तर मात्र तुमची बाजू लंगडी. गावकऱ्यांना ‘पायी सोडतात’ हे तुम्ही सहज लिहिलंय, पण रिसॉर्टचा वकील नेमकं तेच धरणार. सुविधाधिकार कायद्याच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्या-येण्यासारख्या हक्कांच्या कायद्याच्या, कलम २८ प्रमाणे एका प्रकारच्या वहिवाटीत दुसऱ्या प्रकारची आपोआप येत नाही. पायवाटेचा हक्क सिद्ध झाला, तरी सायकल बाहेरच राहू शकते.

फाटक उचकटू नका, रखवालदाराशी हुज्जत घालू नका; गुन्हा तुमच्यावरच दाखल व्हायचा. कासवांच्या विणीच्या काळात वनखात्याने वाळूत सायकली घालू नका म्हटलं, तर तेही ऐका, ती बंदी वेगळी. आणि सह्या सोलापुरात नव्हे, त्या गावात घ्या. ग्रामसभेचा ठराव जोडलेला अर्ज प्रांत कचेरीत बाजूला टाकणं अवघड जातं.